संरक्षण : उपकार, सौदा की अमानत?



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वर्षात दोन दिवस असे येतात की, त्या दिवशी मन विचारात पडते. पहिला दिवस १७ सप्टेंबरचा. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली आणि मराठवाड्याचा स्वतंत्र भारतात प्रवेश झाला. एका जुलमी राजवटीतून मुक्ती मिळाल्याचा हा दिवस आहे, आणि त्या आनंदात आपण मनापासून सहभागी असलेच पाहिजे. पण त्याच दिवसांची आणखी एक आठवण आपल्या घराघरांत आहे आणि ती नेहमी हलक्या आवाजातच सांगितली गेली. दुसरा दिवस १८ डिसेंबरचा. १९९२ साली या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने राष्ट्रीय, वांशिक, धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला, म्हणून आपल्या देशात तो अल्पसंख्याक हक्क दिवस म्हणून पाळला जातो. त्याच महिन्याच्या ६ तारखेला अयोध्येत काय घडले, हे आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. या दोन घटनांत अवघ्या बारा दिवसांचे अंतर आहे.

साहजिकच आपल्यातील अनेक तरुण विचारतात की, जाहीरनामे, करार आणि कलमे यांचा उपयोग तरी काय? कागद कुणाला वाचवतो? प्रश्न कडवट आहे, परंतु प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणे आवश्यक आहे. त्यासाठी आधी त्याच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न नीट मांडू या. बलवानाच्या राज्यात दुर्बलाला जे संरक्षण मिळते ते नेमके काय आहे? तो बलवानाचा उपकार आहे काय? दोन पक्षांतील सौदा आहे काय? की याहून वेगळे असे काही आहे?

आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, जगाने प्रारंभी या संरक्षणाला उपकार मानले, नंतर सौदा मानले आणि ‘हक्क’ हा शब्द त्याच्या ओठी फार उशिरा आला. युरोपात कॅथलिक व प्रोटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडून थकले, तेव्हा १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात परधर्मीय प्रजेला काही सवलती मिळाल्या. त्या राजांनी राजांशी ठरवलेल्या सवलती होत्या. १८७८ च्या बर्लिन तहात बाल्कनमधील नव्या राज्यांवर धार्मिक समतेची अट घालण्यात आली. परंतु अट घालणाऱ्या महासत्तांनी ती स्वतःवर घालून घेतली नाही. पहिल्या महायुद्धानंतर, २८ जून १९१९ रोजी, पोलंडशी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला आणि त्याच धर्तीवर पूर्व युरोपातील इतर देशांशीही करार झाले. या करारांची हमी राष्ट्रसंघाने घेतली. कोण्या राज्यातील अल्पसंख्याकांची तक्रार त्या राज्याच्या सीमेबाहेर ऐकली जाण्याची अशी नियमबद्ध सोय तोवर जगात नव्हती.

या व्यवस्थेने काही चांगली फळे दिली, हे मान्य केले पाहिजे. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले, तेव्हा अप्पर सायलेशिया या प्रांतातील फ्रान्झ बेर्नहाइम या ज्यू कारकुनाने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. त्या प्रांतापुरता जर्मनी व पोलंड यांच्यात १९२२ चा करार होता. एका सामान्य कारकुनाच्या अर्जामुळे ज्यूविरोधी कायदे त्या प्रांतात १९३७ पर्यंत, म्हणजे कराराची मुदत संपेपर्यंत, स्थगित राहिले. वाचकहो, कागद कुणाला वाचवतो, या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे. कागदाने त्या प्रांतातील ज्यूंना काही वर्षे मिळवून दिली. त्या काळात ज्यांना देश सोडून जाता आले, त्यांच्यासाठी ती वर्षे म्हणजे आयुष्यच होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. मुस्लिमबहुल अल्बानियाने १९३३ साली सर्व खाजगी शाळा बंद केल्या. सरकारचे म्हणणे असे की, शाळा सर्वांच्याच बंद केल्या आहेत, मग भेदभाव कोठे झाला? ग्रीक ख्रिस्ती अल्पसंख्याकांची तक्रार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आली. १९३५ साली न्यायालयाने असे मत दिले की, समता केवळ कायद्याच्या शब्दांत असून भागत नाही, ती प्रत्यक्षातही असावी लागते. बहुसंख्याकांच्या गरजा सरकारी शाळा भागवतातच. अल्पसंख्याकांची शाळा बंद झाली की त्यांची भाषा आणि धर्मशिक्षण दोन्ही बंद होतात. आज नांदेडच्या एखाद्या उर्दू शाळेत आपले मूल शिकते, तेव्हा त्यामागे जो विचार उभा आहे तो हाच आहे. आणि त्या खटल्यात उत्तर देण्याची पाळी मुस्लिमबहुल राज्यावर आली होती, हेही आपण विसरता कामा नये.

तरीही ही व्यवस्था कोसळली. तिचा पाया सौद्याचा होता. पराभूत आणि नव्या राष्ट्रांवर करार लादले गेले, परंतु इंग्लंड व फ्रान्स स्वतः मोकळे राहिले. त्यांच्या वसाहतींतील कोट्यवधी लोकांना अर्ज करण्यासाठी दारच नव्हते. १९३४ साली पोलंडने अंग काढून घेतले. हिटलरने तर शेजारी देशांतील जर्मन अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निमित्त पुढे करून १९३८ साली चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला. ज्या संरक्षणात ‘माझ्या लोकांचे’ एवढाच विचार असतो, ते शेवटी आक्रमणाचे शस्त्र बनते.

महायुद्धानंतर जग पुन्हा विचार करू लागले. राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली वंशसंहारासाठी नवा शब्दच घडवला. त्याच्या मनात या विचाराचे बीज पडले ते उस्मानी साम्राज्याच्या अखेरच्या काळात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांवर जे गुदरले त्यामुळे. हे वाचताना आपल्याला वेदना होते. परंतु सत्य आपल्या विरुद्ध असले तरी त्याची साक्ष द्या, असा आदेश सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत आहे. त्यातून आपली सुटका नाही. पॅरिस येथे ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार आणि दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. मात्र त्या जाहीरनाम्यात अल्पसंख्याकांसाठी वेगळे कलम नव्हते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका ठरावात महासभेने म्हटले की, अल्पसंख्याकांच्या भवितव्याबाबत आपण उदासीन राहू शकत नाही, परंतु सर्वत्र लागू होईल असा एकच उपाय सुचवणेही कठीण आहे.

आता त्याच डिसेंबर महिन्यात आपल्या भूमीवर काय चालले होते ते पाहू या. पॅरिसमध्ये हे ठराव होत असताना पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सद्भावना मंडळ हैदराबाद राज्यात फिरत होते. २९ नोव्हेंबरला ते राज्यात आले आणि २१ डिसेंबरला दिल्लीस परतले. भारत सरकारच्या वतीने आलेल्या या मंडळाने सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले आणि आपला अहवाल सादर केला. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर राज्यात कमीत कमी २७,००० ते ४०,००० लोकांचे प्राण गेले, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या गावातील सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक मंडळाला तेथे आढळले. हा अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही.

वाचकहो, येथे थांबून केवळ आपल्या जखमा मोजणे सोपे आहे. परंतु अर्धी आठवण हीसुद्धा एक प्रकारची खोटी साक्ष असते. त्याच अहवालाने रझाकारांचे अत्याचारही नोंदवले आहेत. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरलाच वकिली करीत असे. सत्ता आपल्या हाती असताना त्याच्या अनुयायांनी गावोगावच्या हिंदू रयतेला लुटले, मारले, घरे जाळली, स्त्रियांची अब्रू घेतली. संख्येने बहुसंख्य असलेली ती जनता सत्तेच्या दृष्टीने दुर्बल होती. म्हणजे डोकी मोजून दुर्बल कोण हे ठरत नाही. हाती सत्ता नाही तो दुर्बल. जो मुसलमान रझाकारांविरुद्ध बोलला त्यालाही त्यांनी सोडले नाही. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवून जगाकडे संरक्षण मागितले. त्याच सुमारास, २२ ऑगस्टला, हैदराबादमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. रझाकारांवर टीका करणे व भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणे हा त्यांचा गुन्हा. जे राज्य जगाकडे न्याय मागत होते, ते आपल्याच राजधानीत एका निःशस्त्र पत्रकाराला संरक्षण देऊ शकले नाही. ती तक्रार पुढे मागे घेण्यात आली. पॅरिसमध्ये बसलेल्या परिषदेकडून मराठवाड्यातील एकाही खेड्याचे रक्षण झाले नाही.

मग रक्षण कोणी केले? अहवालाचा हा भाग आपण आपल्या मुलांना आवर्जून सांगितला पाहिजे. मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची असंख्य उदाहरणे मंडळाला मिळाली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण करताना स्वतःचे प्राण दिले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठीही अनेक हिंदू धडपडले. त्या विणकरांनी कोणताही आंतरराष्ट्रीय करार वाचलेला नव्हता. शेजारच्या मागावर बसणारा माणूस आपल्या भरवशावर आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

या भरवशाला आपल्या धर्माच्या भाषेत एक नेमका शब्द आहे : अमानत. दुर्बलाचे संरक्षण हा उपकार असेल तर उपकार करणारा तो केव्हाही मागे घेऊ शकतो. तो सौदा असेल तर एका पक्षाने शर्त मोडताच दुसरा पक्ष मोकळा होतो. तुम्ही तेथे आमच्या लोकांना त्रास दिलात, म्हणून आम्ही येथे तुमच्या लोकांना देतो, हा सूडाचा हिशेब त्यातूनच निघतो. परंतु अमानत ही वेगळी गोष्ट आहे. तिचा खरा मालक अल्लाह आहे, आणि तिचा हिशेब त्यालाच द्यायचा आहे. समोरचा कसा वागला, यावर माझी जबाबदारी अवलंबून राहत नाही. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीचा आशय हाच आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये. न्याय करा, तेच ईशपरायणतेला अधिक जवळचे आहे. सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत वचनपूर्तीचा आदेश देताना वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असे बजावले आहे.

इस्लामच्या इतिहासातील तीन प्रसंग येथे आठवावेत. पहिल्या प्रसंगात मुसलमान दुर्बल आहेत. मक्केतील छळाला कंटाळून काही श्रद्धावंत हबशाला गेले. कुरैशांनी भेटवस्तू पाठवून त्यांना परत मागितले. तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशी याने आधी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांना परत देण्यास नकार दिला. आपल्या समाजाला इतिहासात पहिला आश्रय परधर्मीयाच्या न्यायबुद्धीने दिला, हे ऋण आपल्यावर आहे.

दुसऱ्या प्रसंगात मुसलमान सत्ताधारी आहेत. सीरियातील हिम्स शहराकडून संरक्षणाच्या बदल्यात कर घेतलेला होता. रोमी सैन्य चाल करून आले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. जाण्यापूर्वी घेतलेला कर नागरिकांना परत करण्यात आला. कारण उघड होते : आता आम्ही तुमचे रक्षण करू शकत नाही, मग हा पैसा आमच्याकडे राहू शकत नाही. त्या काळची ती व्यवस्था आजच्या समान नागरिकत्वासारखी होती असा दावा आपण करू नये. परंतु तिच्या मुळाशी असलेली जाणीव आजही अनेक सरकारांना लाजवील. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर ताकीद दिली होती की, करारबद्ध परधर्मीयावर जो अन्याय करील, त्याच्याविरुद्ध निवाड्याच्या दिवशी ते स्वतः वादी म्हणून उभे राहतील. वाचकहो, आपल्या प्रेषितांची शिफारस मिळावी म्हणून आपण रात्रंदिवस दुआ करतो. तेच आपल्या विरोधात उभे राहिले तर आपली बाजू कोण मांडणार?

तिसरा प्रसंग त्याहून आधीचा आहे. प्रेषितत्वापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी ‘हिल्फुल फुजूल’ हा करार झाला. एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे एका बड्या असामीने बुडवले होते, आणि पीडित कोणीही असो, आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू, अशी शपथ काही मंडळींनी घेतली. त्या सभेला तरुण मुहम्मद (स.) उपस्थित होते. पुढे प्रेषित झाल्यावरही ते म्हणत की, इस्लाममध्येही मला अशा करारासाठी बोलावले तर मी अवश्य जाईन. करार करणारे मुसलमान नव्हते, तरीही न्यायासाठीचा करार त्यांना प्रिय राहिला. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांचे करार परक्यांनी लिहिले आहेत, असे म्हणून आपण ते झटकून टाकू शकत नाही. २०१९ साली गॅम्बिया या आफ्रिकेतील छोट्या देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला, आणि २०२० च्या जानेवारीत न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. गॅम्बियाची म्यानमारशी सीमा नाही की व्यापाराचे भांडण नाही. त्याने आधार घेतला तो १९४८ च्या त्याच वंशसंहारविरोधी कराराचा. हिल्फुल फुजूलची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

आपल्या देशाने ही अमानत राज्यघटनेत लिहून ठेवली आहे. २५ ते २८ ही कलमे धर्मस्वातंत्र्याची. २९ व ३० ही कलमे भाषा, संस्कृती आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्काची. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७ व्या कलमात अल्पसंख्याकांचे हक्क मान्य झाले आणि भारत त्या करारात १९७९ साली सहभागी झाला. आपल्या घटनाकारांनी मात्र हे शब्द १९५० पासूनच लागू केले होते. ही कलमे कुणाची मेहेरबानी नाहीत. म्हणून ती मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही आणि आवाज चढवण्याचेही नाही. ती वाचावीत, समजून घ्यावीत, आणि अन्याय झाल्यास अर्ज, आयोग, न्यायालय या मार्गांनी शांतपणे व चिकाटीने वापरावीत. बेर्नहाइम हा एक साधा कारकूनच होता.

परंतु हक्क मागणाऱ्याने एक गोष्ट स्वतःला विचारली पाहिजे. अल्पसंख्य असणे हा कोणाच्या रक्तातील गुण नाही, तो जागेचा हिशेब आहे. हुजूर साहिबच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे शीख नांदेडमध्ये थोडे आहेत, पंजाबात बहुसंख्य आहेत. बेळगावात मराठी माणूस भाषेने अल्पसंख्याक ठरतो. देगलूर, उदगीरच्या बाजूला तेलुगू व कन्नड बोलणारी घरे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले की, शिक्षणसंस्थांच्या हक्कासाठी अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरवावे. तोच हिशेब आणखी खाली उतरवा. आपल्या मोहल्ल्यात आपण बहुसंख्य असतो. तेथे एखादे हिंदू, बौद्ध किंवा ख्रिस्ती घर असेल, तर त्या गल्लीपुरते सत्ताधारी आपण आहोत. त्यांच्या सणाला त्यांना संकोच वाटतो काय? त्यांच्या मुलीला संध्याकाळी आपल्या गल्लीतून येताना भीती वाटते काय? आपल्यातच मसलकाने वेगळा असलेल्या भावाला आपल्या मशिदीत आदराने उभे राहता येते काय? या प्रश्नांची उत्तरे हेग किंवा पॅरिसमध्ये मिळणार नाहीत.

सूरह अल-हजच्या ४० व्या आयतीत मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा उल्लेख एकत्र आला आहे : अल्लाहने लोकांना एकमेकांकरवी आवरले नसते तर ही सर्व स्थळे जमीनदोस्त झाली असती. मशिदीचा उल्लेख शेवटी आहे. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाची काळजी ज्याला नाही, त्याला आपल्या मशिदीच्या रक्षणाची मागणी करताना ही आयत आठवावी.

आरंभीच्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत जाऊ या. कागद एकटा कुणाला वाचवत नाही, हे खरे आहे. पण १९४८ च्या विणकरांसारखा शेजारी प्रत्येक गावात असेलच, याचीही शाश्वती नाही. असता तर लातूरच्या दहा हजारांपैकी तीन हजारच उरले नसते. कायदा हवा, कारण माणूस विसरतो. ईमान हवे, कारण कायदा झोपतो. आणि या दोहोंची परीक्षा तेव्हा होते जेव्हा हाती सत्ता आपल्या असते, मग ती राज्याची असो की एका गल्लीची.

येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाला अवश्य जा. परतल्यावर आपल्या मुलांना दोन्ही बाजूंच्या जखमांची हकिकत सांगा, आणि शोएबुल्ला खान व त्या हिंदू विणकरांबद्दलही सांगा. ही आठवण अपुरी राहिली तर सूड शिकवील. पूर्ण सांगितली तर न्याय शिकवील.

अल्लाह आपणास दुर्बल असताना सब्र, बलवान असताना न्याय आणि दोन्ही स्थितींत सत्याची साक्ष देण्याचे धैर्य देवो. आमीन.